बारा वर्षं कुठे गेली? सिंगल माल्ट स्कॉच समजून घेताना

माझ्या काकांच्या कपाटात एक बाटली सहा वर्षं पडून होती. भाच्याने लंडनहून येताना विमानतळावर घेतलेली, गोल डब्यातली, बारा वर्षांची सिंगल माल्ट स्कॉच. "चांगल्या वेळी उघडू" म्हणता म्हणता काकांची निवृत्ती झाली, मुलीचं लग्न झालं, बाटली तशीच राहिली. गेल्या दिवाळीनंतर एकदा त्यांनी ती बाहेर काढली आणि मला विचारलं, "म्हणजे आता ही अठरा वर्षांची झाली ना रे?"

नाही झाली. व्हिस्की लाकडात वाढते, काचेत नाही. पिंपातून बाटलीत उतरली त्या दिवशी तिचं वय थांबलं. लेबलवरचा १२ हा आकडा एवढंच सांगतो, की या बाटलीतली सगळ्यात तरुण व्हिस्कीसुद्धा ओकच्या पिंपात किमान बारा वर्षं होती. तिच्यासोबत पंधरा किंवा वीस वर्षांची व्हिस्की मिसळलेली असू शकते, पण लेबलवर वय लिहायचं ते धाकटीचं, असा नियम आहे.

काकांना हे लगेच पटलं. त्यांचा पुढचा प्रश्न मात्र मला फार आवडला. "मग बारा वर्षं त्या पिंपात होतं तरी काय?" उत्तर द्यायला मला पार जवाच्या दाण्यापासून सुरुवात करावी लागली. ग्लासातून येणारा जवळजवळ प्रत्येक वास कुठल्यातरी टप्प्यावर कुणीतरी घेतलेल्या निर्णयातून आलेला असतो. नाकाला लागलेल्या वासाचा असा माग काढता येणं, हेच मला सिंगल माल्टमधलं खरं सुख वाटतं.

एका बागेतला आंबा

'सिंगल' म्हणजे एकाच पिंपातली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीत तयार झालेली. आंब्याच्या भाषेत सांगायचं तर सिंगल माल्ट म्हणजे एकाच बागेतला हापूस. त्यात त्या बागेच्या पन्नास झाडांची फळं असतील, पण शेजारच्या बागेतलं एकही नाही. एकाच झाडाचा आंबा हवा असेल तर 'सिंगल कास्क' असं लिहिलेली बाटली शोधायची, ती खरोखर एकाच पिंपातली असते.

'माल्ट' म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. सिंगल माल्टमध्ये धान्य म्हणून दुसरं काहीही चालत नाही. जव, पाणी आणि यीस्ट, बस. ब्लेंडेड स्कॉच वेगळी. तिच्यात अनेक डिस्टिलऱ्यांच्या माल्ट व्हिस्क्या असतात आणि शिवाय गहू किंवा मक्यापासून उंच स्तंभासारख्या यंत्रात सलग गाळलेली हलकी ग्रेन व्हिस्की असते. हे यंत्र ईनियस कॉफी या आयरिश माणसाने १८३० च्या सुमारास पेटंट केलं आणि त्यामुळेच पुढे ब्लेंडेड स्कॉच जगभर पोचली. माल्ट व्हिस्की तेव्हा मुख्यतः ब्लेंडवाल्यांना विकायचा कच्चा माल होती. १९६३ मध्ये ग्लेनफिडिक या डिस्टिलरीने आपली व्हिस्की सिंगल माल्ट म्हणून स्कॉटलंडबाहेर नेटाने विकायला घेतली, तिथून हे चित्र बदलत गेलं. आजही जगात खपणाऱ्या स्कॉचमधला मोठा वाटा ब्लेंडेडचाच आहे, आणि ब्लेंडेड म्हणजे दुय्यम हा समज मला चुकीचा वाटतो. वर्षानुवर्षं तीच चव जुळवणं हे सोपं काम नाही. आमच्या आजीच्या गोड्या मसाल्याला कुणी दुय्यम म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे आणखी एक फरक माहीत हवा. भारतात खपणाऱ्या स्वस्त व्हिस्कीतला बराचसा मद्यार्क धान्याचा नसून उसाच्या मळीचा असतो. महाराष्ट्रात साखर कारखान्याला लागून डिस्टिलरी असते ती याच मळीवर चालते. युरोपात अशा पेयाला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, कारण तिथे व्हिस्की म्हणजे धान्याचीच. स्कॉच म्हणायचं असेल तर अटी आणखी कडक आहेत. २००९ च्या नियमांनुसार ती स्कॉटलंडमध्येच गाळलेली हवी, तिथेच ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षं मुरलेली हवी, आणि बाटलीत मद्यार्क ४० टक्क्यांपेक्षा कमी नको. वरून घालायची परवानगी फक्त पाण्याची आणि रंगासाठी साध्या कॅरॅमलची. म्हणून गडद रंगाला भुलू नये. तो पिंपाने दिलेला असेल किंवा कॅरॅमलने.

मोड आणि धूर

मटकीला मोड आले की ती किंचित गोड लागते. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण बाळाला सत्त्व देतो तेही याचसाठी, की मोड येताना दाण्यातली विकरं जागी होतात आणि पिठूळ साठ्याची साखर करण्याची तयारी सुरू होते. माल्टिंग म्हणजे हेच. जव दोनेक दिवस भिजवायचे, पाच-सहा दिवस पसरून मोड येऊ द्यायचे आणि कोंब वाढून सगळी साखर खाऊन टाकायच्या आत गरम हवेने वाळवून त्याला थांबवायचं.

वाळवताना खाली काय जाळलं, इथे पहिला मोठा निर्णय येतो.

स्कॉटलंडच्या ओल्या माळरानांवर शेवाळं, गवत, हेदर नावाची झुडपं हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजत थरावर थर साचली आहेत. त्याला पीट म्हणतात. साधारण एक मिलिमीटर थर साचायला वर्ष लागतं. हा काळा थर फावड्याने विटांसारखा कापून वाळवला की जळणाला तयार. आपल्याकडे गोवऱ्या, तिथे पीट. पूर्वी सगळीकडेच जव पीटवर वाळायचे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने कोळसा आणि कोक पोचवला तशी स्पेसाइडसारख्या भागातली व्हिस्की हळूहळू बिनधुराची झाली. बेटांवर रेल्वे जाणार कशी? तिथे पीट राहिलं आणि तीच त्यांची ओळख बनली.

या बेटांमधलं सगळ्यात नावाजलेलं म्हणजे आयला. इंग्रजी स्पेलिंग वाचून लोक इस्ले म्हणतात, पण उच्चार आपल्या तोंडात सहज बसेल असा, 'आयला'च आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर लफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्या अगदी शेजारी शेजारी आहेत. यांतली कुठलीही पहिल्यांदा हुंगली की माणूस दचकतो. धूर तर असतोच, पण पाठोपाठ दवाखान्याचा वास येतो. बँडेज, टिंक्चर, जुना लाल कार्बोलिक साबण. हा भास नाही. पीटच्या धुरात फिनॉल जातीची संयुगं असतात आणि कार्बोलिक आम्ल म्हणजेच फिनॉल. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमा निर्जंतुक करायला तेच वापरलं, आणि तेही स्कॉटलंडमध्येच, ग्लासगोच्या रुग्णालयात. नाक आपल्याला रसायनशास्त्र बरोबर सांगत असतं.

धुराचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलचे किती भाग, असं सांगतात. आर्डबेगच्या माल्टचं साधारण ५५, लागावुलिनचं ३५ च्या आसपास. मात्र हे माप वाळवलेल्या जवाचं असतं, बाटलीतल्या व्हिस्कीचं नव्हे. गाळताना आणि मुरताना त्यातलं बरंच कमी होतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून चव ठरवू नये. आणि आयलाची प्रत्येक व्हिस्की धुराची असते असंही नाही. त्याच बेटावरची बुनाहावन बहुतेक वेळा बिनधुराची असते.

धुराची व्हिस्की आवडायला वेळ लागतो. मला तीन प्रयत्न लागले. तिसऱ्या वेळी मी ती जेवणानंतर, पावसात, गॅलरीत बसून घेतली आणि एकदम आजोळची चूल आठवली. ओली लाकडं, त्यावर शेकणारी भाकरी, डोळ्यांत जाणारा धूर. त्या दिवसापासून दवाखाना मागे पडला तो कायमचा.

तांब्याचा बंब

दळलेल्या माल्टमधून गरम पाण्याने साखर काढतात, त्या गोड पाण्यात यीस्ट घालतात आणि दोन-चार दिवसांत आठेक टक्के मद्यार्काचं, बिअरसारखं आंबट-गोड पाणी तयार होतं. या टप्प्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, पण केळं, नाशपाती, सफरचंद असे फळांचे वास इथेच जन्मतात. आंबवायला जास्त वेळ दिला तर फळं आणि किंचित आंबटपणा वाढतो. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवणारीला हे वेगळं सांगायला नको.

मग गाळणं. आंघोळीचा तांब्याचा बंब आठवा, तो खोलीएवढा मोठा करा आणि त्याला वर हंसासारखी लांब मान लावा. हे पॉट स्टिल. त्यात एकदा गाळून वीस-पंचवीस टक्क्यांचा द्रव मिळतो, दुसऱ्यांदा गाळून सत्तरच्या आसपास. गोव्यात काजूच्या रसाची भाटी पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पहिल्या गाळपाचा हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. तत्त्व एकच.

दुसऱ्या गाळपात सुरुवातीला येणारी धार तीक्ष्ण आणि उग्र असते, शेवटची जड, ओल्या चामड्यासारखी. मधली तेवढी ठेवायची आणि बाकीची पुढच्या खेपेला परत भांड्यात घालायची. मधली धार कुठे सुरू करायची नि कुठे तोडायची, हे प्रत्येक डिस्टिलरी स्वतः ठरवते. धुराची संयुगं उशिरा येतात, म्हणून धूर हवा असलेले लोक धार उशिरा तोडतात.

तांबंच का? कारण तांबं गंधकाची संयुगं धरून ठेवतं. नाहीतर व्हिस्कीला उकडलेल्या कोबीचा वास आला असता. वाफ तांब्याला जितका वेळ घासून जाईल तितका मद्यार्क हलका. ग्लेनमोरंजीच्या स्टिल्सच्या माना पाच मीटरहून उंच आहेत, जड वाफ वर पोचण्याआधीच थंड होऊन खाली गळते, म्हणून ती व्हिस्की फुलासारखी हलकी. मॅकालनच्या स्टिल्स लहान नि ठेंगण्या, तिथली व्हिस्की भारदस्त आणि तेलकट.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर

स्टिलमधून निघालेला मद्यार्क पाण्यासारखा पारदर्शक असतो. रंग आणि चवीचा फार मोठा भाग यानंतर पिंप देतं. आणि ही पिंपं बहुतेक वेळा जुनी, दुसऱ्याने वापरलेली असतात.

अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी कायद्यानेच दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. एकदा वापरलं की ते बर्बनवाल्याच्या कामाचं राहत नाही, मग ते स्कॉटलंडला जातं. सुमारे २०० लिटरच्या या पिंपांतून व्हॅनिला, मध आणि खोबऱ्याचा वास येतो. खोबऱ्याचा म्हणजे शब्दशः, कारण ओकमध्ये तसा वास देणारं लॅक्टोन नावाचं संयुग असतं. दुसरी पिंपं शेरी या स्पॅनिश वाइनची. एके काळी शेरी पिंपातूनच ब्रिटनला यायची आणि रिकामी पिंपं बंदरात पडून राहायची. १९८० च्या दशकात स्पेनने शेरी तिथेच बाटलीबंद करायला लावली आणि तो पुरवठा संपला. आता व्हिस्कीवाले मुद्दाम पिंपं बनवून घेतात, त्यात वर्ष-दोन वर्षं शेरी मुरवतात आणि मग आणतात. म्हणून ती महाग. त्यांतून मनुका, अंजीर, खजूर, लवंग, सुंठ असे वास येतात.

बारा वर्षांत पिंपात तीन गोष्टी एकाच वेळी चालतात. जळलेला कोळशाचा थर उग्र वास शोषतो. लाकूड आपली चव सोडतं. आणि लाकडाच्या छिद्रांतून हवा आत येत राहते, व्हिस्की बाहेर उडत राहते. या उडणाऱ्या भागाला तिथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. थंड स्कॉटलंडमध्ये तो दर वर्षी साधारण दोन टक्के असतो, म्हणजे २०० लिटरमधले बारा वर्षांनी १५७ लिटर उरतात.

आता हेच पिंप आपल्या हवेत ठेवा. समजा दर वर्षी दहा टक्के उडाले, तर बारा वर्षांनी ५६ लिटर उरतील आणि लाकडाची चव सगळ्यावर चढून बसेल. म्हणूनच गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन किंवा बेंगळुरूची अमृत बहुधा पाच-सात वर्षांतच बाटलीत उतरते. ती कच्ची नसते, उष्ण हवेत मुरण्याचं काम लवकर उरकलेलं असतं. अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा बाजारात आणली ती चक्क ग्लासगोत, हे धाडस मला अजूनही थक्क करतं. स्कॉच कळू लागली की या बाटल्या तिच्या शेजारी ठेवून जरूर पाहाव्यात. पिंप तेच आणि हवा दुसरी, तर काय होतं हे त्यातून कळतं.

वयाचा आकडा म्हणजे दर्जा नव्हे, हेही यातूनच उमगतं. दमलेल्या, चौथ्यांदा वापरलेल्या पिंपात अठरा वर्षं काढलेली व्हिस्की उत्तम पिंपातल्या दहा वर्षांच्या व्हिस्कीपुढे फिकी पडू शकते. धुराच्या व्हिस्क्या तर मला तरुणच आवडतात, वयाबरोबर धूर विरत जातो.

प्रदेशांबद्दल थोडक्यात. कायद्यात पाच आहेत: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला. नावांमधलं 'ग्लेन' म्हणजे खोरं, ग्लेनफिडिक म्हणजे हरणांचं खोरं. पण एकाच प्रदेशात इतक्या तऱ्हेच्या व्हिस्क्या होतात की प्रदेशावरून चव सांगायला जाऊ नये. पिंप आणि धूर या दोन गोष्टी आधी विचारा.

ग्लासात

महाराष्ट्रात कायद्याने पंचवीस वर्षं पूर्ण हवीत आणि परवानाही लागतो, तेवढं पाळून पुढचं. प्रमाण कमी ठेवा. चव समजायला वीस मिली पुरतात, आणि तिसऱ्या पेगनंतर नाक काहीही सांगेनासं होतं.

रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो. खाली फुगीर, वर निमुळता असा ग्लास घ्या. खास ग्लास नसेल तर वाइनचा छोटा चालेल. नाक आत खुपसू नका, कडेशी धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवून हळू श्वास घ्या. पहिला घोट अगदी लहान. त्याने फक्त जीभ सरावते, चव दुसऱ्या घोटापासून कळते.

मग चमच्याने थोडं साधं पाणी घाला. पाणी घालणं म्हणजे व्हिस्कीचा अपमान, हे कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर याचा अभ्यास केला. धुराचा वास देणारा ग्वायकॉल हा रेणू, मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असताना पृष्ठभागाजवळ राहतो आणि ५९ च्या वर गेलं की आत दडतो, असं त्यांना दिसलं. पाण्याने तो वर येतो, नाकाच्या जवळ. बर्फ मात्र उलटं करतो, थंडीने वास मिटतात. उन्हाळ्यात ब्लेंडेड स्कॉच सोडा आणि बर्फ घालून खुशाल घ्यावी, पण शेरीच्या पिंपातल्या सिंगल माल्टवर बर्फ ओतलेला पाहिला की मला खरंच वाईट वाटतं.

चकण्याचंही तसंच. तिखट शेव आणि मसाला शेंगदाणे जिभेवर असताना बारीक काही कळत नाही. चव घेऊन झाल्यावर खा. धुराच्या व्हिस्कीबरोबर निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील एकदा खाऊन पाहा. आयलात लोक कालवांबरोबर पितात, तेच नातं आहे.

सुरुवात करायची तर तीन मित्रांनी वर्गणी काढून तीन वेगळ्या बाटल्या घ्याव्यात आणि एकाच संध्याकाळी थोड्या थोड्या शेजारी ठेवाव्यात. एक हलकी फळांची, ग्लेनलिव्हेट १२ सारखी. एक शेरीची, ग्लेनड्रोनाक १२. एक धुराची, पण एकदम आर्डबेग नको, स्काय बेटावरची टालिस्कर १० घ्या. तिच्यात धूर, मीठ आणि शेवटी काळी मिरी आहे. एकटी व्हिस्की फक्त व्हिस्कीसारखी लागते, फरक शेजारी ठेवल्यावरच दिसतो.

आणि वासांना आपली नावं द्या. डब्यावर छापलेलं हेदर नि टॉफी आपल्याला सापडलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. काकवी, गुळपापडी, भाजलेलं खोबरं, चिकू, धुपाटणं, आंब्याचा मोहोर, ही आपल्या नाकाची शिदोरी आहे. ती कमी पडत असेल तर मिसळणाचा डबा उघडून डोळे मिटून एकेक वास घ्या.

काकांची बाटली शेरीच्या पिंपातली निघाली. मी काही बोललो नाही, नुसता ग्लास हातात दिला. त्यांनी बराच वेळ हुंगला, पाण्याचा चमचा घातला, परत हुंगला. "काळ्या मनुका," ते म्हणाले. "भिजवलेल्या. आणि थांब... आईची शिसवी पेटी. उघडल्यावर यायचा तो." मग ते थोडा वेळ गप्प बसले.

उघडलेली बाटली उभी ठेवायची, आडवी ठेवली तर मद्यार्काने बूच खराब होतं. अर्ध्यावर आली की आतल्या हवेने वास हळूहळू मावळतात, म्हणून वर्षभरात संपवलेली बरी. हे सांगितल्यावर काकांनी ती कपाटात परत ठेवली, पण या वेळी पुढच्या फळीवर. भाचा डिसेंबरात येतोय.